मुशीला हाड नाही, माकुलाला आहे. मग पृष्ठवंशीय कोण?

खाडीपलीकडची

नमस्कार मंडळी. लेक यंदा दहावीला आहे. विज्ञान भाग २ मधलं प्राण्यांचं वर्गीकरण चालू आहे आणि त्यावरून आमच्याकडे जेवणाच्या ताटावर वाद घालायची सोय झाली आहे.

माहेर गुहागरचं, त्यामुळे डोंबिवलीत राहूनही मासे मी स्वतःच साफ करते. रविवारी ओट्यावर मुशी (छोटा शार्क) होती, बांगडे होते, थोडी कोळंबी आणि दोन माकुलं (कटलफिश). लेक शेजारी पुस्तक घेऊन उभी. तिने विचारलं ते जसंच्या तसं लिहिते.

मुशीत काटा नाही, हाड नाही, सुरी सरळ मधून जाते, मग ती पृष्ठवंशीय कशी? माकुल फाडलं की आतून ती पांढरी पाटी निघते, चांगली वीतभर. ती पाठीकडेच असते, मग तिला पाठीचं हाड का म्हणायचं नाही? आणि पुस्तकात पृष्ठवंशीयांमध्ये पहिलाच वर्ग चक्रमुखी दिलाय. त्यांना जबडा नाही, परांच्या जोड्या नाहीत, हाड नाही. मग त्यांच्याकडे आहे तरी काय?

क्लासच्या सरांचं म्हणणं, "कणा असतो ते पृष्ठवंशीय, एवढं लिही, मार्क मिळतात." मार्क मिळतील हो, पण आमची कन्या तेवढ्यावर गप्प बसणाऱ्यातली नाही. कुणी नीट समजावून सांगेल का? इंग्रजी व्हिडिओच्या लिंका देऊ नका, ते तिने आधीच बघून झालेत.

चहाटळ

सर बरोबर बोलतायत की. कणा आहे तो पृष्ठवंशीय, नाही तो अपृष्ठवंशीय, आणि असून वापरत नाही तो आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. विषय संपला.

(मुशीचं सुकं केलंत की कालवण, ते सांगा आधी.)

मेणाचा_ट्रे

कण्याचा विनोद कुणीतरी करणारच होतं, तो झाला. आता पुढे.

खाडीपलीकडची ताई, मी कोकणातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते, आता निवृत्त आहे. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी जेटीवर जाऊन मुशी आणायचं काम माझ्याकडे असायचं. तुमची मुशी हळद-मिठात जाते, माझी फॉर्मॅलीनमध्ये जायची, एवढाच काय तो फरक. आता कॉलेजांतून डिसेक्शन बंद झालं. मुक्या जिवांच्या दृष्टीने चांगलंच झालं, पण त्यामुळे बी.एस्सी. झालेल्या मुलांनीही माशाचं हृदय कधी पाहिलेलं नसतं. ज्या घरात मासे येतात त्या घरात तरी ही अडचण यायला नको.

घोळ होतो तो आपण "कडक काय आहे" ते शोधतो म्हणून. कडकपणाला इथे काही किंमत नाही. कुर्लीचं कवच कडक, कालवांची शिंप कडक, माकुलाची पाटी कडक. बघायची असते ती मांडणी. पाठीकडे काय आहे, पोटाकडे काय आहे आणि गुदद्वाराच्या मागे काय आहे. आणि ती मांडणी दाखवणारं सगळं सामान रविवारी तुमच्या ओट्यावर होतं.

बांगडा घ्या. गुदद्वाराच्या मागे, शेपटीच्या बाजूला, आडवा काप द्या. धारदार सुरी हवी, विळीवर चेंगरतं. आता त्या कापाकडे उजेडात बघा. मधोमध गोल चकती दिसते, तो मणका. बांगड्याला असे एकूण ३१. चकतीच्या लगेच वर एक बारीकसं भोक आणि त्यात पांढरा मऊ दोरा. टाचणीच्या टोकाने ओढलात तर निघून येतो. ही चेतारज्जू, म्हणजे मज्जारज्जू. चकतीच्या खाली दुसरं भोक, त्यात काळपट लाल ठिपका, त्या शेपटीकडे जाणाऱ्या-येणाऱ्या रक्तवाहिन्या. वर चेता, मध्ये कणा, खाली रक्त. हा क्रम बांगड्यात, बेडकात, धामणीत, कोंबडीत आणि आपल्यात एकच आहे. आपण उभे राहतो म्हणून आपलं "खाली" ते "पुढे" झालं, इतकंच.

आता पोटाकडचं. कल्ले ओढून काढताना त्यांच्याबरोबर गळ्यापाशी एक लहान, तिकोनी, गडद लाल गोळा हाताला लागतो. ते हृदय. अगदी पोटाच्या अंगाला, अन्ननलिकेच्याही खाली. मग आतडी काढली की कण्याला आतून चिकटलेला एक काळपट लाल पट्टा राहतो. आपण त्याला रक्त समजतो आणि नखाने खरवडून धुऊन टाकतो. ते रक्त नव्हे, ती वृक्कं, म्हणजे माशाचे मूत्रपिंड. तो पट्टा राहिला तर कालवण कडवटतं हे प्रत्येक आई सांगते, त्याचं कारण हे आहे.

आणि शेपूट. बांगड्याची पोटाची पोकळी गुदद्वारापाशी संपते. त्याच्या मागे आतडं नाही, काही नाही. नुसतं मांस आणि मणके. गुदद्वाराच्या मागे अशी स्नायूंची शेपूट असणं हे पृष्ठवंशीयांच्या सगळ्या गोतावळ्याचं लक्षण आहे. आपल्याला गर्भात असते, नंतर माकडहाड तेवढं उरतं.

आता कोळंबी सोला. तिच्या पाठीतला जो काळा दोरा आपण काढून टाकतो ते तिचं आतडं. पाठीत! तिचं हृदयही पाठीकडेच, डोक्याच्या कवचाखाली. चेतारज्जू मात्र पोटाच्या अंगाला, पायांच्या मुळांमधून गेलेली. सोललेली कोळंबी उताणी केली तर कधीकधी ती बारीक रेघ दिसतेही. आणि गुदद्वार अगदी शेवटी, शेपटीच्या पात्याखाली. म्हणजे बांगड्यात जे पाठीला, ते कोळंबीत पोटाला. बांगड्यात जे पोटाला, ते कोळंबीत पाठीला. पूर्ण उलटा प्राणी.

हे माझं निरीक्षण नाही. १८२२ साली फ्रान्समध्ये जॉफ्रवा सें-हिलेर या प्राणिशास्त्रज्ञांनी शेवंडाच्या जातीचा प्राणी उताणा ठेवून हेच दाखवलं होतं, आणि लोक हसले होते. १९९०च्या दशकात बेडूक आणि माशी यांची जनुकं शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा बेडकाच्या गर्भात पाठीची बाजू ठरवणाऱ्या जनुकाचा भाऊबंद माशीत पोटाची बाजू ठरवताना सापडला. पावणेदोनशे वर्षांनी म्हातारा बरोबर निघाला.

याच जॉफ्रवांचं नाव पुढे तुमच्या लेकीच्या दुसऱ्या प्रश्नात येतं, आणि ही मला फार आवडणारी गोष्ट आहे. १८३० साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीत त्यांची आणि दुसरे प्राणिशास्त्रज्ञ कुव्हिए यांची जाहीर जुंपली. युरोपभर गाजलेला वाद. निमित्त काय? माकुल! दोन तरुण संशोधकांनी निबंध दिला होता की माकुल म्हणजे पाठीकडे दुमडलेला पृष्ठवंशीय प्राणीच आहे, मान कुल्ल्यांना टेकवलेला. जॉफ्रवांनी त्यांची बाजू उचलून धरली. कुव्हिए चित्रं घेऊन उभे राहिले आणि एकेक अवयव दाखवत म्हणाले, हा इथे बसत नाही, तो तिथे बसत नाही. तो डाव कुव्हिएंनी जिंकला, आणि माकुलापुरते तरी ते बरोबरच होते. तेव्हा कन्येला सांगा, तिने ओट्याशी उभं राहून विचारलं ते अकादमीत विचारून झालेलं आहे.

माकुलाची पाटी हाड का नाही? एक तर तिच्यातून किंवा तिच्यावरून चेतारज्जू जात नाही. माकुलाचा मेंदू अन्ननलिकेभोवती कड्यासारखा असतो, घास चक्क मेंदूच्या मधून खाली उतरतो. कण्याचं पहिलं काम चेतारज्जूला घर देणं, ते इथे नाहीच. दुसरं, ती पाटी म्हणजे आत गेलेला शिंपला आहे. माकुल हे शिंपल्या-गोगलगायींच्या नात्यातलं, मृदुकाय. ज्या लांबट माकुलात पांढऱ्या पाटीऐवजी पारदर्शक पातं निघतं, त्यात शिंपल्यातला चुना गेला आणि पातळ पापुद्रा राहिला.

घरी करून बघा. पाटी वाळवा (आयुर्वेदिक दुकानात समुद्रफेन मागितलंत तरी हेच मिळतं, पोपटाच्या पिंजऱ्यात टांगतात तेही हेच), थोडी खरवडून भुकटी करा आणि वर व्हिनेगर टाका. बुडबुडे येतात. कारण ती कॅल्शियम कार्बोनेटची. बांगड्याच्या काट्यावर टाका, तसा फेस येणार नाही. हाड मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचं असतं. बुडवून ठेवलंत तर काही दिवसांत ते वाकायला लागेल, ती वेगळी गंमत.

आता मुशी. मुशीला कणा आहे, मणके आहेत, फक्त ते कास्थीचे आहेत. आपल्या कानाच्या पाळीच्या वर जो वाकणारा भाग असतो त्याच जातीचा पदार्थ. सुरी त्यातून जाते म्हणून तुम्हाला तो जाणवत नाही. पुढच्या वेळी मुशीच्या तुकडीत मधली गोल चकती शोधा, वर चेतारज्जूचं भोक तसंच सापडेल. मग दोन चकत्या एकमेकींपासून ओढून वेगळ्या करा. दोन्हींच्या तोंडाशी खळगा असतो, आणि खळग्यात बुळबुळीत, जेलीसारखा पदार्थ. तो बोटावर घेऊन लेकीला दाखवा. पुस्तकात जिला समपृष्ठरज्जू म्हटलंय, तिचं हे उरलंसुरलं रूप.

समपृष्ठरज्जू म्हणजे द्रवाने भरलेल्या पेशींचा ताठ दांडा, हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबसारखा. आत दाब, बाहेर घट्ट वेष्टण. वाकतो पण आखडत नाही. शरीर आखूड न होता डावी-उजवीकडे वळायला एवढं पुरतं. गर्भात आधी हा दांडा तयार होतो, मग त्याच्याभोवती मणके बसतात आणि दांडा त्यांच्यामध्ये चिरडत जातो. मणके हे मागाहून आलेले भाडेकरू आहेत. म्हणून फक्त मणके शोधत बसलं की चक्रमुखी अडतात. त्यांच्यात समपृष्ठरज्जू जन्मभर तशीच राहते आणि चेतारज्जूच्या कडेने कास्थीचे छोटे तुकडे तेवढे असतात.

आणि मुशीची कास्थी ही मागासलेपणाची खूण आहे असं जुन्या पुस्तकांत असायचं, ते आता धरू नका. मंगोलियात सापडलेल्या सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीच्या एका माशाच्या कवटीत आतपर्यंत हाड असल्याचं २०२० साली दाखवलं गेलं, आणि तो मासा मुशी आणि हाडवाले मासे वेगळे व्हायच्या आधीच्या शाखेतला आहे. म्हणजे मुशीच्या पूर्वजांकडे हाड असावं आणि मुशीने ते सोडलं असावं.

बाकी चक्रमुखींवर इथे कुणी प्रत्यक्ष पाहिलेलं असेल तर लिहा. मी फक्त बरणीतला पाहिलाय.

मिशिगनमराठी

मी लिहितो, कारण आमच्याकडे हा प्राणी म्हणजे सरकारी डोकेदुखी आहे.

इथे त्याला सी लॅम्प्री म्हणतात, तुमच्या पुस्तकातला पेट्रोमायझॉन तोच. मुळात अटलांटिक महासागरातला. नायगारा धबधब्यामुळे त्याला वरच्या मोठ्या सरोवरांत येता येत नव्हतं. धबधब्याला वळसा घालणारा वेलंड कालवा झाला, आणि १९२१ साली हा ईरी सरोवरात सापडला. १९३०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत वरच्या सगळ्या सरोवरांत पोचला. मग इथल्या लेक ट्राउट माशांची जी वाट लागली ती अजून म्हातारे कोळी सांगतात. एक लॅम्प्री माशाच्या कुशीला चिकटतो, खरवडून भोक पाडतो आणि रक्त पितो. सोडून गेला तरी मासा बहुधा जखमेनेच मरतो.

एका मत्स्यकेंद्रात काचेच्या टाकीत होते, काचेला तोंड लावून चिकटलेले. लांबून वाम वाटली. जवळ गेलो तर तोंडाच्या जागी गोल चकती आणि तिच्यात पिवळसर दातांची वर्तुळं. ते दातही दात नव्हेत, आपल्या नखांच्या पदार्थाचे. वामीला जबडा असतो, कल्ल्याला झाकण असतं, छातीचे पर असतात. याला डोळ्याच्या मागे ओळीने सात भोकं, आणि डोक्यावर मधोमध एकच नाकपुडी. एकच! ते बघून मला कसंतरीच झालं.

पण मेणाचा_ट्रे काकू म्हणतात त्या मांडणीत हा चपखल बसतो. मेंदू आहे, तो कास्थीच्या कवटीत आहे, दोन नीट डोळे आहेत, हृदय खालच्या बाजूला आहे, कल्ले आहेत. कण्याचा कारभार तेवढा अर्धवट.

अजून एक. त्याचं पिल्लू काही वर्षं ओढ्याच्या गाळात पुरून राहतं. आंधळं, दात नाहीत, पाणी गाळून खातं. सरोवरात मोठे लॅम्प्री पकडणं अशक्य, म्हणून १९५०च्या दशकात हजारो रसायनं तपासून टीएफएम नावाचं एक शोधलं, जे ओढ्यातली ही पिल्लं मारतं आणि त्या मात्रेत बहुतेक इतर मासे वाचतात. अजूनही तेच वापरतात.

मेणाचा_ट्रे

मिशिगनमराठी, झकास. ते गाळातलं पिल्लू पुस्तकातल्या ॲम्फीऑक्सस या लहानशा समुद्री प्राण्याशी ताडून बघा. तोही वाळूत अर्धा पुरून पाणी गाळतो. त्याला समपृष्ठरज्जू आहे, पाठीकडे पोकळ चेतारज्जू आहे, कल्लाविदरं (कल्ल्यांच्या फटी) आहेत, गुदद्वारामागे शेपूट आहे, पण डोकं म्हणावं असं काही नाही. कवटी नाही, खरे डोळे नाहीत, कप्प्यांचं हृदय नाही. चीनमध्ये शामेनजवळ तो टोपल्या भरभरून पकडत आणि खात, म्हणजे तिथल्या बायकांनीही तो साफ केला असणार.

आणि हा जो फरक आहे ना, तोच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कण्याने नव्हे, पृष्ठवंशीय ओळखावा तो डोक्याने. गर्भात पाठीवर चेतानलिका मिटते तेव्हा तिच्या काठावरून पेशींचा एक जथा सुटतो आणि अंगभर हिंडतो. इंग्रजीत त्याला न्यूरल क्रेस्ट म्हणतात. जबड्याची आणि चेहऱ्याची बरीचशी हाडं, दातांतलं दंतिन, त्वचेतल्या रंगपेशी, अंगभर पसरलेल्या चेतातंतूंचा मोठा भाग, हे सगळं या जथ्यातून बनतं. ॲम्फीऑक्ससमध्ये असा हिंडता जथा नाही. लॅम्प्रीमध्ये आहे. गॅन्स आणि नॉर्थकट या दोघांनी १९८३ साली मांडलं की पृष्ठवंशीयांनी मिळवलेली खरी नवी वस्तू म्हणजे डोकं. गाळत बसणारा प्राणी शिकार शोधायला निघाला तो या डोक्यामुळे. सगळे तपशील आज जसेच्या तसे कुणी मानत नाही, पण मुद्दा टिकून आहे.

चक्रमुखींमधला दुसरा, मिक्झिन, त्याच्याबद्दल तर कितीतरी वर्षं "कवटी आहे, मणके अजिबात नाहीत" असंच शिकवलं जायचं. काही जण त्याला पृष्ठवंशीयांच्या बाहेर ठेवत. २०११ साली जपानी संशोधकांना त्याच्या नातलगाच्या गर्भात, शेपटीकडे, मणक्यांसारखे कास्थीचे लहान तुकडे मिळाले. म्हणजे कणा होता आणि झिजला.

मणकेवाला

मी फिजिओथेरपिस्ट, पुणे. बोटावरच्या जेलीबद्दल थोडी भर.

रोज दोन-चार पेशंट "गादी सरकली" म्हणून येतात. दोन मणक्यांमधल्या गादीचा बाहेरचा भाग चिवट कड्यांचा आणि मधला गाभा मऊ. तो गाभा समपृष्ठरज्जूपासूनच सुरू होतो. तान्ह्या बाळाच्या गादीत त्या मूळच्या पेशी अजून असतात, मोठेपणी त्यांची जागा बहुतांशी कास्थीसारख्या पेशी घेतात. गादी फाटून बाहेर येते आणि मागच्या चेतेवर दाबते तो बहुतेक वेळा हाच गाभा. वर चेता आणि खाली कणा या मांडणीची ही किंमत म्हणा.

लेकीला आकडे हवे असतील तर लहानपणी आपले मणके ३३: मानेत ७, छातीला १२, कमरेला ५, त्याखाली ५ आणि ४ जे पुढे जुळून दोन हाडं होतात. मानेतले ७ जिराफालाही ७च.

चहाटळ

बरं, आता खरंच विचारतो. आमच्या वेळी "लाल रक्त" हे लक्षण होतं असं आठवतंय. पण गांडूळ कुदळीखाली आलं तर लालच दिसतं की.

मेणाचा_ट्रे

गांडुळाचं रक्त लालच असतं आणि त्यात हिमोग्लोबिनच असतं. फक्त ते रक्तद्रवात विरघळलेलं असतं. आपल्याकडे, बांगड्याकडे, लॅम्प्रीकडे ते लाल पेशींत भरलेलं असतं. कोळंबी आणि कुर्लीत तांब्याचं हिमोसायनिन, म्हणून त्यांचं रक्त लाल दिसत नाही. अपवादही ऐका, अंटार्क्टिकाच्या समुद्रातल्या काही हाडवाल्या माशांत हिमोग्लोबिनच नाही, रक्त पाण्यासारखं. थंड पाण्यात प्राणवायू इतका विरघळतो की त्यांचं भागतं. म्हणून कुठलंही एकच लक्षण घेऊन दारात उभं राहू नये, चार-पाच एकत्र बघावीत.

खाडीपलीकडची

काकू, काल बांगड्याचा काप दिला. पांढरा दोरा आला! पहिल्या कापात भोक चेंगरलं, दुसरा शेपटीच्या जरा जवळ दिला, मग टाचणीने अख्खा ओढला. लेकीने मोबाईलवर फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकला, त्यावर अर्ध्या मुलींनी नाकं मुरडली. व्हिनेगरचा प्रयोगही झाला, पाटीची भुकटी फसफसली. मुशी या आठवड्यात मिळाली नाही, ते बाकी आहे.

दोन शंका उरल्या. बोंबील इतका मऊ, तोही मुशीसारखा कास्थीचा का? आणि परीक्षेत नेमकं काय लिहायचं?

(चहाटळ, कालवण. मालवणी मसाला, तिरफळं घालून.)

मेणाचा_ट्रे

बोंबील हाडवालाच. अंगात पाणी फार आणि हाडं नाजूक, म्हणून मऊ लागतो. तळायच्या आधी मधला काटा काढता ना, तो कणाच. सुक्या बोंबलात तर स्पष्ट दिसतो. मुशीच्या पंगतीला बसवायचं तर पाकटाला बसवा, ते कास्थीचं.

परीक्षेत असं लिहू दे: समपृष्ठरज्जूची जागा बहुतेकांत पाठीच्या कण्याने घेतलेली असते, चेतारज्जू पाठीकडे, एकच आणि पोकळ, डोकं पूर्ण विकसित आणि मेंदू कवटीत, हृदय अधर (पोटाच्या) बाजूला, कल्लाविदरं आयुष्यात कधीतरी असतातच, आपल्यातही गर्भात त्यांच्या जागी घड्या दिसतात, अंतःकंकाल (आतला सांगाडा) कास्थिमय किंवा अस्थिमय. या शेवटच्या "किंवा"खाली मुशी येते, तेवढं तिला दाखवून ठेवा. उपांगांच्या जोड्या दोनपेक्षा जास्त कधीच नसतात हेही लिहायला हरकत नाही. बांगड्याचे छातीचे आणि पोटाचे पर हे आपले हातपाय. सापाने चारही सोडले, पण सहा पायांचा पृष्ठवंशीय मिळणार नाही.

खाडीपलीकडची

अगदी शेवटचा, तिच्याकडून. कासवाचं कवच बाहेर असतं, मग त्याला कुर्लीसारखा बाह्यकंकाल का म्हणायचं नाही?

मेणाचा_ट्रे

कारण ते कवच म्हणजे त्याच्या बरगड्या आणि मणके आहेत. बरगड्या रुंद होऊन एकमेकींना जुळल्या, वर नखासारख्या पदार्थाचे खवले बसले. कुर्ली वाढताना कवच टाकते आणि नवं घेते. कासवाला ते टाकता येत नाही, कवच त्याच्याबरोबर वाढतं. कासव कवचातून बाहेर निघून पळतं हे फक्त कार्टूनमध्ये. त्याचा खांद्याचा सांधा बरगड्यांच्या आत गेलाय, आपला बाहेर असतो. पृष्ठवंशीयांत असं दुसरं कुणी केलेलं नाही. चीनमध्ये सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचं एक कासव मिळालं आहे, त्याला पोटाचं कवच पूर्ण आहे आणि पाठीला नुसत्या रुंद झालेल्या बरगड्या.

वेळास-आंजर्ल्याच्या बाजूला गेलात आणि मेलेल्या समुद्री कासवाचं कवच वाळूत उताणं पडलेलं दिसलं, तर हात लावू नका, घरी तर आणूच नका, वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. वाकून आतून बघा. मधोमध मणक्यांची रांग आणि तिच्यापासून दोन्हीकडे निघालेल्या बरगड्या सरळ मोजता येतात.